कागदावरचे संगीत आणि ‘ब्रिटानिक’चा ऑर्गन

१/ २००७ साली स्वित्झर्लंडमधील झेवेन या लहानशा गावी, स्वयंचलित वाद्यांच्या संग्रहालयात एका प्रचंड ऑर्गनची दुरुस्ती चालू होती. भाग सुटे करताना कारागिरांना एरवी कधीही दृष्टीस न पडणाऱ्या लाकडावर एक नाव कोरलेले आढळले: ‘ब्रिटानिक’. हे ‘टायटॅनिक’च्या भगिनी-जहाजाचे नाव. ते जहाज १९१६ साली एजियन समुद्रात बुडाले. मग त्याचा ऑर्गन या गावात कसा? उत्तरासाठी आधी स्वतः वाजणाऱ्या वाद्यांचा इतिहास पाहावा लागतो. #थ्रेड #इतिहास

२/ या वाद्यांचे मूळ घड्याळजींच्या कारागिरीत आहे. १७९६ साली जिनिव्हाचा घड्याळजी आंत्वान फाव्र याने पोलादी पट्ट्यांना सूर देऊन त्यांच्याकडून धून वाजवण्याची युक्ती मांडली. पुढे विकसित झालेल्या संगीतपेटीत पितळी नळकांडे फिरते, त्यावरील बारीक खिळे फणीसारख्या पोलादी दात्यांना छेडतात आणि प्रत्येक दाता आपापला सूर देतो. संगीताची लिपी येथे खिळ्यांच्या जागांमध्ये असते.

३/ हेच तत्त्व मोठ्या आकारात वापरून जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्ट भागात ‘ऑर्केस्ट्रिऑन’ घडू लागले. एका भव्य कपाटात नळ्या, ढोल, झांजा आणि मध्ये खिळे ठोकलेला लाकडी दंडगोल, अशी त्याची रचना. मिखाएल वेल्टे यांनी १८३२ साली फोरेनबाख येथे याच व्यवसायाचा पाया घातला. १८७२ मध्ये हा कारखाना फ्रायबुर्गला गेला.

४/ दंडगोलाला मर्यादा होत्या. तो जड, महाग आणि बनवण्यास वेळखाऊ. शिवाय त्याच्या परिघात बसेल एवढेच संगीत त्यावर मावे. १८८३ साली वेल्टे घराण्यातील एमिल यांनी दंडगोलाऐवजी छिद्रे पाडलेला कागदी रोल वापरण्याचे पेटंट घेतले. खिळ्याची जागा छिद्राने घेतली. आता रचना लांबवता येत होती, आणि एका वाद्यावर हवे तितके रोल बदलता येत होते.

५/ कागदातील छिद्राने पियानो कसा वाजतो? आपल्या पेटीत भात्याने दाबलेली हवा सूरपट्टीतून बाहेर पडते. या पियानोत क्रिया उलट असते: भाता हवा शोषून घेतो. रोल एका सच्छिद्र पट्टीवरून सरकतो. कागदातील छिद्र पट्टीतील छिद्रावर आले की बाहेरची हवा आत शिरते, पातळ चामड्याचा पडदा उचलला जातो आणि झडप उघडते. मग त्या सुराचा चिमुकला भाता आकसतो आणि हातोडी तारेवर पडते.

६/ १८९५ साली अमेरिकेत एडविन व्होटी याने ‘पियानोला’ बनवला. त्यात सूर रोलकडून येत, परंतु लय आणि जोर सांभाळण्याचे काम समोर बसलेल्या माणसाकडे असे. १९०४ साली एडविन वेल्टे आणि कार्ल बोकिश यांनी ‘वेल्टे-मिग्नॉन’ आणला आणि हा माणूसही अनावश्यक ठरला. लाल कागदावर शेजारी-शेजारी शंभर छिद्रवाटा होत्या. त्यांतील काही वाटा सूर कोणता हे सांगत, तर काही तो किती जोराने वाजवावा हे सांगत.

७/ ९ नोव्हेंबर १९०५ रोजी लाइपझिग येथे संगीतकार गुस्ताव माहलर यांनी या यंत्रासाठी चार रोल वाजवले. त्यांत त्यांच्या पाचव्या सिंफनीचा पहिला भाग होता. माहलर १९११ मध्ये वारले. ग्रामोफोनवर त्यांचे वादन कधीच मुद्रित झाले नाही. त्यामुळे त्यांचा स्वतःचा हात ऐकण्याचे साधन म्हणजे हे चार रोल. ग्रीग, सां-सांस आणि द्यब्युसी यांनीही वेल्टेसाठी वादन केले होते.

८/ मात्र रोल हा साक्षीदार असला तरी त्याची उलटतपासणी करावी लागते. ध्वनिमुद्रणाची पद्धत कारखान्याने गुप्त ठेवली होती. विक्रीचे रोल मूळ प्रतीवरून पाडले जात आणि त्याआधी त्यांत दुरुस्त्याही होत. पुन्हा, यंत्राचा वेग किंवा हवेची ओढ थोडी बदलली तरी वादनाचा स्वभाव बदलतो. नकलांवरून आलेली पोथी अभ्यासक जशा सावधपणे वाचतो, तसाच रोलही ऐकावा लागतो.

९/ हा कागद नेमका काय, हा प्रश्न न्यायालयातही गेला. अमेरिकेत रोल बनवणारे कारखाने गीतकारांना मोबदला देत नसत. १९०८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, माणसाला वाचता येत नसल्याने रोल ही संगीताची ‘प्रत’ ठरत नाही, तो यंत्राचा एक भाग आहे. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, कायदा बदलला आणि प्रत्येक रोलमागे २ सेंट असा मोबदला ठरला.

१०/ पियानोपाठोपाठ व्हायोलिनची पाळी आली. लाइपझिगच्या हुपफेल्ड कंपनीने पियानोच्या वरच्या कपाटात तीन व्हायोलिने उभी बसवली आणि त्यांभोवती घोड्याच्या केसांचा गोल, फिरता गज ठेवला. सूर लागायचा असेल तेव्हा त्या त्या व्हायोलिनची तार गजाकडे ढकलली जाई. १९१० च्या ब्रुसेल्स येथील जागतिक प्रदर्शनात हे वाद्य मांडले गेले. आज संग्राहकांच्या दृष्टीने ते अत्यंत मोलाचे आहे.

११/ हे वैभव फार टिकले नाही. रेडिओ आला, १९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रणाने ग्रामोफोन सुधारला आणि १९२९ नंतरच्या मंदीने महागड्या यंत्रांचे गिऱ्हाईकच नाहीसे केले. कित्येक पियानोंमधील स्वयंचलित यंत्रणा काढून टाकून ते साधे पियानो म्हणून वापरले गेले. नोव्हेंबर १९४४ मध्ये फ्रायबुर्गवरील बाँबहल्ल्यात वेल्टेचा कारखानाही उद्ध्वस्त झाला.

१२/ नेमक्या याच काळात संग्राहकांचे काम महत्त्वाचे ठरले. १९४९ साली अमेरिकेत संगीतपेट्यांच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली, १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये. जे इतरांना भंगार वाटत होते ते या मंडळींनी जपले. त्यांच्या ओढीमागे दुर्मीळता आणि किंमत ही कारणे आहेतच. पण जुने नाणे पाहिले की त्याचा बराचसा अर्थ हाती येतो. जुना रोल मात्र त्याच जातीच्या चालू यंत्रावर चढेपर्यंत मुकाच असतो, आणि रोलविना यंत्रही मुके.

१३/ त्यामुळे संग्राहकापुढे एक पेच कायम असतो. चामडे कडक होते, रबरी नळ्या भेगाळतात, कागद फाटतो. वाद्य ऐकायचे तर हे भाग बदलावे लागतात, आणि बदल करताना मूळ कारागिराच्या हाताचा पुरावा नष्ट होऊ शकतो. काहीच न बदलावे तर कपाट सुरक्षित राहते, पण संगीत संपते. याचे एकच एक उत्तर नाही, म्हणून काढलेला प्रत्येक भाग तपासणे आणि त्याची नोंद ठेवणे महत्त्वाचे.

१४/ आता झेवेनच्या ऑर्गनकडे वळू. तो वेल्टे कारखान्याचा ‘फिलहार्मोनिक’ ऑर्गन, रोलवर वाजणारा. ‘ब्रिटानिक’चे जलावतरण २६ फेब्रुवारी १९१४ रोजी झाले. त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले, ब्रिटन आणि जर्मनी शत्रू झाले आणि १९१५ मध्ये जहाजाचे तरंगते रुग्णालय झाले. प्रवाशांसाठी योजलेल्या वाद्याला तेथे वाजण्याचा प्रसंगच आला नाही. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ग्रीसच्या केआ बेटाजवळ सुरुंगाच्या स्फोटाने जहाज बुडाले.

१५/ ऑर्गन मात्र जमिनीवर फिरत राहिला. १९२० च्या सुमारास तो स्टुटगार्टचे कॅमेरा-कारखानदार आउगुस्ट नागेल यांच्या बंगल्यात गेला, १९३५ च्या सुमारास वेल्टेकडे परतला. १९३७ मध्ये विपरफ्युर्ट येथील विजेचे दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या सभागृहात त्याची स्थापना झाली. १९६९ साली स्विस संग्राहक हाइनरिख वाइस यांनी तो मिळवला आणि १९७० पासून तो झेवेनला वाजू लागला. १९९० मध्ये वाइस यांनी आपला संग्रह स्वित्झर्लंडच्या शासनाला दिला.

१६/ म्हणजे जवळजवळ चार दशके हा ऑर्गन ऐकला गेला, पण त्याचे मूळ त्या लाकडावर झाकलेलेच राहिले. ‘जुने लाकूड टाका, नवे बसवा’ असे कुणी मधल्या काळात म्हटले असते, तर वाद्य वाजत राहिले असते आणि त्याची ओळख कायमची गेली असती.

१७/ आता रोल स्कॅन करून त्यांची छिद्रे संगणकावर उतरवली जातात. ऑस्ट्रेलियन संग्राहक डेनिस कॉन्डन यांचा सात हजारांहून अधिक रोलचा संग्रह २०१४ साली अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे आला. स्कॅनमुळे नाजूक कागद पुन्हा पुन्हा यंत्रावर चढवावा लागत नाही. तरीही ती छिद्रे कोणत्या वेगाने आणि किती जोराने वाजवायची, हे पडताळण्यासाठी अभ्यासकाला जुन्या, चालू स्थितीतील यंत्राकडेच यावे लागते. ते यंत्र आज उपलब्ध आहे, कारण कुणीतरी ते भंगारात जाऊ दिले नाही.

(समाप्त)