रात्रिकालीन तटदृश्यांचे पॅनोरामा छायाचित्रण

नदी, खाडी वा समुद्र यांच्या काठी वसलेल्या शहराचे रात्रीचे विस्तीर्ण दृश्य एका सलग, आडव्या चित्रपट्टीत टिपण्याचे व ती चित्रपट्टी संस्कारित करून निर्दोष करण्याचे तंत्र. पॅनोरामा हा शब्द ‘सर्व’ व ‘दृश्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. एडिंबरो येथील चित्रकार रॉबर्ट बार्कर याने १७८७ मध्ये वर्तुळाकार भिंतीवरील भव्य चित्रांचे एकस्व घेतले व थोड्याच वर्षांत त्यांना हे नाव रूढ झाले. छायाचित्रणाचा शोध लागल्यानंतर ही कल्पना कॅमेऱ्याकडे आली. मात्र रात्रीचे तटदृश्य त्याच्या आवाक्यात यावयास आणखी अर्धे शतक जावे लागले. दृश्याची रुंदी, प्रकाशाची टंचाई आणि दिवे व अंधार यांच्या तेजस्वितेतील प्रचंड तफावत या तिन्ही अडचणी येथे एकदम उभ्या राहतात. त्यांपैकी रुंदीची अडचण सर्वांत आधी सुटली.

अमेरिकेतील सिनसिनॅटी शहराचा ओहायओ नदीकाठ चार्ल्स फाँटेन व विल्यम पोर्टर यांनी २४ सप्टेंबर १८४८ रोजी पलीकडच्या न्यूपोर्ट गावातून आठ डागेरोटाइप पत्र्यांवर टिपला. सुमारे तीन किमी. लांबीच्या या काठावर नांगरलेल्या आगबोटी, वखारी व मागील टेकड्या त्यात आहेत. पुढे हे पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले असता जेमतेम एक मिमी. व्यासाची, चर्चच्या मनोऱ्यावरील घड्याळाची तबकडीही वाचता आली. सिडनी बंदराचे १८७५ मधील दृश्य याहून भव्य आहे. सोन्याच्या खाणीत धनाढ्य झालेल्या बर्नार्ड होल्टरमान याने आपल्या घरावर उंच मनोरा बांधला आणि चार्ल्स बेलिस या छायाचित्रकाराच्या साहाय्याने तेथून बंदराची चित्रे घेतली. त्यासाठी वापरलेली सर्वांत मोठी काच सु. दीड मी. रुंद होती. हे दोन्ही प्रयोग दिवसाचे आहेत आणि ते तसेच असणे अपरिहार्य होते. होल्टरमानच्या काळातील कलोडियनची काच ओली असेपर्यंतच, म्हणजे जेमतेम दहा-पंधरा मिनिटे, उपयोगी पडे. शिवाय तिला निळा प्रकाश जाणवे. पिवळ्या-तांबड्याला ती जवळजवळ आंधळी होती. गॅसच्या दिव्याचा प्रकाश नेमका पिवळसर असतो.

ही कोंडी फुटली ती रसायनशास्त्रातील दोन शोधांमुळे. रिचर्ड मॅडॉक्स याने १८७१ मध्ये जिलेटिनाच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली. हेर्मान फोगेल याला १८७३ मध्ये बर्लिन येथे असे आढळले की, विशिष्ट रंगद्रव्ये मिसळल्यास काच हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही संवेदनशील होते. कोरडी काच तासभर उघडी ठेवता येई. याच सुमारास शहरेही उजळू लागली होती. लंडनच्या टेम्स नदीकाठच्या रस्त्यावर १८७८ मध्ये विजेचे कमानदिवे प्रथम लागले. पॉल मार्टिन याने १८९५-९६ मध्ये लंडनची रात्रीची दृश्ये टिपली व रात्रिचित्रण हा स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता पावला. दिव्यांभोवती पसरणारे वलय हा या चित्रांतील मोठा दोष होता. काचेच्या मागील पृष्ठावरून प्रकाश परावर्तित होऊन तो उद्‌भवतो, हे कळल्यावर काचेच्या पाठीला गडद लेप देण्याची प्रथा पडली.

प्रकाशाच्या टंचाईचे गणित मात्र सरळ नव्हते. प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यावा, हा बुन्सेन व रॉस्को यांचा १८६२ मधील नियम मंद प्रकाशात लागू पडत नाही. ज्योतिर्विद कार्ल श्वार्त्सशिल्ट याने १८९९-१९०० च्या सुमारास ताऱ्यांच्या छायाचित्रांवरून त्याचे सुधारित सूत्र दिले. त्याच्या आकड्यांनुसार प्रकाश शंभरपट घटल्यास वेळ दोनशेपटींहून अधिक वाढवावा लागतो. याचा तटदृश्यावर दुहेरी परिणाम होतो. दिव्यांची नोंद झटपट होते, तर काळोखातील इमारती व पाणी अपेक्षेपेक्षाही मागे पडतात; परिणामी मुळातच तीव्र असलेला विरोध आणखी तीव्र होतो. रंगीत फिल्मच्या तीन थरांत ही त्रुटी कमीअधिक प्रमाणात असल्याने दीर्घ काळ उघड्या ठेवलेल्या चित्रांवर परक्या रंगाची झाक येते.

एका निगेटिव्हमध्ये न मावणारी तेजस्विता दोन निगेटिव्हांत विभागण्याची युक्ती मात्र जुनीच आहे. फ्रेंच छायाचित्रकार ग्यूस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या आपल्या काही समुद्रदृश्यांत आकाश एका काचेवरून व पाणी दुसरीवरून घेऊन दोन्ही एका कागदावर छापली. रात्रिचित्रकारांनी हीच युक्ती वेळेच्या अंगाने वापरली. संधिप्रकाशात इमारतींच्या बाह्यरेषांपुरता प्रकाश घ्यावयाचा, मग कॅमेरा न हलविता भिंग झाकावयाचे आणि दिवे लागल्यावर ते पुन्हा उघडावयाचे, अशी ती रीत होती. बेरनीस ॲबट हिने न्यूयॉर्कचे आपले प्रसिद्ध रात्रिचित्र घेताना वर्षातील लहानात लहान दिवस निवडला होता. कचेऱ्या सुटण्यापूर्वी अंधार पडून खिडक्या उजळलेल्या असाव्यात, एवढाच त्यामागील हेतू, भिंग सु. १५ मिनिटे उघडे होते. चित्र सुधारण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे योग्य वेळेची निवड, हे आजही खरे आहे आणि आजही त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

पॅनोरामासाठी खास कॅमेरेही निघाले. १९०४ मध्ये एकस्व मिळालेला सर्कट कॅमेरा चावीच्या यंत्राने स्वतःभोवती फिरत असे व फिल्म एका अरुंद फटीमागून सरकत जाई. दिवसा त्याने उत्कृष्ट काम केले. रात्री तो निरुपयोगी ठरला, कारण दृश्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीला क्षणमात्रच प्रकाश मिळे. त्यामुळे रात्रीचा पॅनोरामा सिनसिनॅटीच्या जुन्याच पद्धतीने, म्हणजे चौकटीशेजारी चौकट जोडूनच, घेतला जात राहिला.

जोडकामाचे शास्त्र संगणकामुळे बदलले. बर्ट व एडल्सन यांनी १९८३ मध्ये चित्राचे स्थूल व सूक्ष्म तपशिलांचे थर वेगळे करून स्थूल थर रुंद पट्ट्यात व सूक्ष्म थर अरुंद पट्ट्यात मिसळण्याची पद्धत मांडली; तिच्यामुळे आकाशातील सांधे दिसेनासे झाले. चौकटींतील समान खुणा आपोआप शोधून पॅनोरामा जुळविण्याची पद्धत ब्राउन व लो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केली. डेबेव्हेक व मलिक यांनी १९९७ मध्ये कमी-अधिक वेळ दिलेल्या अनेक चित्रांवरून दृश्याची खरी तेजस्विता काढण्याची रीत दिली. ल ग्रेच्या दोन काचांचेच हे गणिती रूप होय. मंद प्रकाशात अंकीय चित्रावर दिसणारे कण काढण्याचा सुरक्षित उपाय म्हणजे एकाच चौकटीची अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढणे; सोळा चित्रांच्या सरासरीत ते सु. एकचतुर्थांश उरतात. संगणकाने कण पुसून टाकणे सोपे असले, तरी त्याबरोबर दूरच्या खिडक्यांचे गजही पुसले जातात.

पाण्याने मात्र या पद्धतींची कसोटी पाहिली. इमारती स्थिर असतात. लाटा, भरती-ओहोटी व होड्या दोन चौकटींच्या दरम्यान बदलतात, त्यामुळे एकच होडी दोनदा उमटते किंवा अर्धी कापली जाते. वेळ पुरेसा लांबविल्यास लाटा विरून सर्व चौकटींतील पाणी सारखे दिसते व सांधा लपतो. लाटांवर दिव्याचे प्रतिबिंब उभ्या स्तंभासारखे ताणले जाते, पण ते मूळ दिव्याहून तेजस्वी होऊ शकत नाही. सुधारलेल्या चित्रात पाण्यातील स्तंभ दिव्यापेक्षा उजळ दिसला, तर पाण्यावर वेगळा हात फिरला आहे असे समजावे.

रंगशुद्धीचा प्रश्न याहून नाजूक आहे. कमी दाबाचा सोडियम दिवा ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा जवळजवळ एकाच तरंगलांबीचा प्रकाश देतो. त्याखालील वस्तूंचे रंग चित्रात नोंदलेलेच नसतात, म्हणून ते कोणत्याही संस्काराने परत आणता येत नाहीत. जास्त दाबाच्या सोडियम दिव्याखाली ते अंशतः टिकतात. मुंबईचा मरीन ड्राइव्ह या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मलबार टेकडीवरून रात्री दिसणारी त्याची वक्र दीपमाळ ‘राणीचा रत्नहार’ या नावाने प्रसिद्ध आहे. तेथील पिवळे सोडियम दिवे काढून २०१५ मध्ये पांढरे एलईडी दिवे बसविण्यात आले. त्यावर मोठा वाद झाला व पुढे पिवळसर छटेचे दिवे लावण्यात आले. त्यापूर्वीच्या चित्रांतील पिवळेपणा हा दोष समजून आज्ञावलीकडून तो आपोआप काढून टाकला जातो. चित्र स्वच्छ दिसते, पण वादाचा विषय असलेला रंगच त्यातून नाहीसा होतो. अशा चित्रांच्या संस्कारित प्रतीबरोबर मूळ चौकटी, त्यांची वेळ व दिव्यांचा प्रकार यांची नोंद जपून ठेवल्यास पुढील अभ्यासकाला दोन्हींची तुलना करता येते.