खाचांची पट्टी, मोजफीत आणि कागदी नमुना

शिंप्याने गिऱ्हाइकाचे माप घेणे ही क्रिया इतकी परिचित आहे की तिलाही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. वस्तुतः आकडे घातलेली मोजफीत युरोपात रूढ झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. तत्पूर्वीची रीत गार्सो या फ्रेंच लेखकाने १७६९ साली प्रसिद्ध झालेल्या शिंपीकामावरील ग्रंथात वर्णिली आहे. शिंपी कागदाची लांब पट्टी गिऱ्हाइकाच्या अंगावर धरी आणि छाती, पाठ, बाही यांच्या मापाच्या ठिकाणी तिला खाचा पाडी. पट्टी ज्याची त्याची निराळी असे. तिच्यावर अंक नसत. तेव्हा दोन माणसांच्या अंगाची तुलना करण्याचे ते साधनच नव्हे. हुआन दे आल्सेगा याच्या माद्रिद येथील १५८० च्या ग्रंथात बेतांच्या आकृत्या आहेत खऱ्या, पण त्यांचा मुख्य हेतू कापडाची काटकसर हा होय.

फितीवर अंक आले आणि एका छातीच्या मापावरून पाठ, खांदा, मुंढा प्रमाणाने काढण्याच्या पद्धती निघाल्या. मॅसॅच्युसेट्समधील स्टर्लिंग गावचा शिंपी एबेनेझर बटरिक याने १८६३ साली निरनिराळ्या आकारांचे कागदी नमुने विक्रीस काढले, ते याच विश्वासावर. त्या काळच्या पातळ कागदी नमुन्यांवर छपाई नसे, केवळ भोके व खाचा असत. (खाच पुन्हा आली, परंतु ती आता कोणा व्यक्तीची नव्हती, दोन तुकडे कोठे जुळवावयाचे एवढेच ती सांगे.)

घरी शिवणाऱ्या स्त्रीची छाती नमुन्याशी जुळली तरी पाठीची लांबी जुळेलच असे नाही. मग कंबरेच्या वर नमुना आडवा कापून तुकडे दूर सारावयाचे, अगर तेथेच चूण घालून तो आखूड करावयाचा. खालच्या कडेला वाढवून भागत नाही, कारण कंबरेची जागा चुकते ती चुकतेच. ही युक्ती साधी आहे. तिच्यामागची कल्पना मात्र साधी नाही. नमुना हे प्रमाण आणि देह हा त्यापासून ढळलेला, असे ती गृहीत धरते. शिवणकामाच्या इंग्रजी पुस्तकांत ‘बांध्यातील दोष’ हा शब्दप्रयोग येतो, तो या कल्पनेतून.

या प्रमाणाची मोठी कसोटी १९३९-४० मध्ये लागली. अमेरिकेच्या कृषिखात्यातर्फे रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनी सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी पन्नासहून अधिक मापे जमविली. अहवाल १९४१ साली निघाला. छातीच्या घेरावरून उंचीचा भरवसा धरता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मात्र श्वेतेतर स्त्रियांची मापे घेऊनही गणनेतून वगळली गेली, आणि हे न्यून लहान नव्हे. मुख्यतः याच सामग्रीवर आधारलेले व्यापारी प्रमाण १९५८ साली प्रसिद्ध झाले. त्यात छातीबरोबर उंचीचे व नितंबांच्या घेराचेही भेद मांडले होते. १९८३ साली ते मागे घेण्यात आले. आजच्या छापील नमुन्यांवर ‘येथे लांब अथवा आखूड करा’ असे सांगणाऱ्या आडव्या समांतर रेषा अद्याप असतात.