तालीम, रिबात आणि एक गुडघा

मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. त्यामुळे एकच शब्द दोन तासांना दोन पोशाखात भेटतो. उर्दूच्या तासाला ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीच्या तासाला मुलांना विचारलं की उत्तर येतं, ‘जिथं पहिलवान कुस्ती करतात ती जागा.’ एखादा म्हणतो, ‘नाटकाची तालीम, सर.’ तिघांचंही बरोबर. अरबीतला शिकवणं हा अर्थ दख्खनमध्ये येऊन मातीच्या हौदात उतरला. त्याच्या सोबतीला उस्तादाचा वस्ताद झाला आणि पहिलवान, कुस्ती, जोर, खुराक असे फारसी शब्द गावोगावच्या आखाड्यात इतके मुरले की ते बाहेरून आले हे आता सांगावं लागतं.

हे सगळं आठवायला कारण एका मुलीचा गुडघा.

गेल्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या मुलींचा कबड्डीचा सामना होता. मैदान मुरमाचं, टणक. नववीतली आमची चढाईपटू परत फिरताना पाय रोवून वळली आणि खाली बसली. नंतर तिनं सांगितलं, आतून ‘टक्’ असा आवाज आला होता. पाच मिनिटांनी ती उठली, दोन पावलं चालली. मी रेषेबाहेर उभा होतो. मला म्हणाली, ‘सर, जमतंय.’ मी म्हटलं, ‘जमत असेल तर जा.’ पुढच्याच चढाईत गुडघा सटकला. संध्याकाळपर्यंत तो नारळाएवढा सुजला होता. तीन आठवडे हाडवैद्याचा लेप आणि पट्टी झाली. मग एमआरआय निघाला आणि त्यात गुडघ्याच्या मधला अस्थिबंध, ज्याला डॉक्टर एसीएल म्हणतात, पूर्ण तुटलेला दिसला.

‘जमत असेल तर जा’ हे चार शब्द मी त्यानंतर किती वेळा मनात उलटेपालटे केले असतील, त्याचा हिशेब नाही.

आमच्या घरात या दुखण्याचा एक जुना वारसदार आहे. माझे चाचा सत्तरच्या दशकात जत्रांमधून कुस्त्या मारायचे. एका कुस्तीत टांग लावताना गुडघा गेला. ‘गेला’ एवढंच निदान. दोन महिने पाय बांधून ठेवला, मांडी वाळली, सूज उतरली, चालता येऊ लागलं. पण मातीत उतरलं की गुडघा दगा द्यायचा. दोन जत्रा त्यांनी तशाच रेटल्या, मग लंगोट कायमचा खुंटीला. आता गेली कित्येक वर्षं ते मशिदीत शेवटच्या सफेत खुर्चीवर बसून नमाज पढतात. मुलीची गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, ‘हमारे जमाने में कां था ये लिगामेंट!’

होतं, चाचा. नाव नव्हतं आपल्यापाशी, एवढंच. आणि खरं तर नावही होतं.

आपलं नगर (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, जिभेला अजून ‘नगर’च सोपं जातं) वसलं तेच मुळी झुंजीच्या शौकात. १४९० मध्ये अहमद निजामशहा स्वतंत्र झाला आणि चार वर्षांनी त्यानं हे शहर वसवायला घेतलं. फरिश्ता हा इतिहासकार लिहितो की या सुलतानाला तलवारबाजीचा भारी नाद होता. दोन तरुणांचं भांडण त्याच्यापुढे आलं की तो म्हणे, माझ्यासमोर तलवारीनं निकाल लावा. ज्यानं आधी जखम केली तो जिंकला. मग शहरात गल्लोगल्ली तलवारबाजी शिकवणारे आखाडे उभे राहिले. दरबारात रोज माणसं मरू लागली तेव्हा सुलतानानं हा प्रकार महालाबाहेर, किल्ल्यापुढच्या काळ्या चबुतऱ्यापाशी हलवला. फरिश्ता तरुणपणी नगरच्याच निजामशाही दरबारात होता, १५८९ मध्ये तो विजापूरला गेला. त्यामुळे त्याच्या लिखाणात ऐकीव गोष्टीपेक्षा शेजाऱ्याची तक्रार जास्त ऐकू येते. हा नाद त्याला अजिबात पसंत नव्हता.

जिंकणाऱ्यांची आणि मरणाऱ्यांची दखल त्यानं घेतली. पण रोज पाय रोवून गर्रकन वळणाऱ्या त्या शेकडो पोरांपैकी किती जण गुडघा धरून घरी गेले असतील? ते ना मेले, ना जिंकले. इतिहासात त्यांना जागा मिळत नाही. माझ्या चाचांनाही मिळाली नाही.

हकिमांना मात्र ही जागा ठाऊक होती. ग्रीक वैद्य गॅलेन हा पर्गमम शहरात ग्लॅडिएटरांचा, म्हणजे आखाड्यातल्या झुंजारांचा वैद्य होता. फाटलेले सांधे त्यानं जवळून पाहिले आणि गुडघ्यातल्या या बंधांविषयी लिहूनही ठेवलं. त्याची विद्या अरबीत आली. इसवी सन १००० च्या आसपास कुर्तुब्याच्या अल-झहरावीनं ३० भागांचा ग्रंथ लिहिला, त्याच्या शेवटच्या, शस्त्रक्रियेच्या भागात एक आख्खा विभाग मोडलेल्या हाडांचा आणि निखळलेल्या सांध्यांचा आहे. इब्न सिनानं ‘अल-कानून’मध्ये या बंधांना ‘रिबात’ म्हटलं. गुडघ्यातल्या या दोन फुलीसारख्या बंधांना अरबीत आजही ‘रिबात सलीबी’ म्हणतात, क्रुसाच्या आकाराचे म्हणून. उर्दूतला ‘रब्त’ म्हणजे संबंध, तो याच धातूचा. मराठीत ‘त्यांच्याकडे लोकांचा राबता असतो’ म्हणतो, तो ‘राबता’सुद्धा याच घराण्यातला. वर्गात हे सांगितलं तेव्हा तिची मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे हिचा राबता तुटला, सर.’ हसलो सगळे. तीही हसली.

इब्न सिनाचं एक म्हणणं मात्र चुकलं. रिबात दिसायला पांढरे, मज्जातंतूंसारखे, पण त्यांना संवेदना नसते, असं तो लिहितो. त्याचं कारणही त्यानं सुंदर दिलं आहे: सतत हालचाल, सतत घासणं, जाणीव असती तर माणसाला सोसलं नसतं. आज आपल्याला माहीत आहे की या बंधात बारीक चेतातंतू असतात. गुडघा किती वाकला, किती वळला याची खबर ते मेंदूला देत राहतात. म्हणून बंध तुटला की फक्त दोरी तुटत नाही, खबर देणाराही जातो. शस्त्रक्रियेनं दोरी नवी बसते. खबर देण्याचं काम मात्र एका पायावर उभं राहून, डोळे मिटून तोल सांभाळत, महिनोन्‌महिने स्नायूंना नव्यानं शिकवावं लागतं. म्हणजे पुन्हा तालीमच.

हा बंध आपोआप का जुळत नाही, हा प्रश्न तिच्या अम्मीनं मला विचारला होता. बोट कापलं तर भरून येतं, मग हे का नाही? कारण तो सांध्याच्या आतल्या द्रवात असतो. बाहेरच्या जखमेवर रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधारानं मांस भरतं. इथं ती गुठळी टिकतच नाही. तुटलेली दोन टोकं बहुधा एकमेकांपासून दूरच राहतात. आणि तशाच गुडघ्यावर खेळत राहिलं की मधल्या कुर्च्यांच्या गाद्या फाटत जातात. चाचांच्या खुर्चीचं कारण हेच असावं. पहिली कुस्ती नाही, नंतरच्या दोन जत्रा.

खाशाबा जाधवांचं नाव इथं घ्यायला हवं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पुढच्या, १९५६ च्या ऑलिम्पिकवर त्यांची नजर होती. त्याआधी गुडघा दुखावला आणि ते स्वप्न तिथंच राहिलं. आपण त्यांचं पदक साजरं करतो, ते केलंच पाहिजे. पण मला हल्ली त्यांचा गुडघा जास्त आठवतो.

त्यांच्या काळात जगात उपाय अगदीच नव्हते असं नाही. १८९५ मध्ये इंग्लंडातल्या लीड्सला मेयो रॉबसन यांनी एका खाणकामगाराचे तुटलेले बंध टाके घालून शिवले होते. १९१७ मध्ये ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्‌स यांनी मांडीच्या बाजूची चिवट पट्टी घेऊन नवा बंध घातला. जुना शिवण्यापेक्षा शरीरातूनच दुसरा घ्यायचा, ही कल्पना आजही तीच आहे. १९१८ मध्ये टोकियोत केन्जी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस ती कामाला येईल अशी केली. ऐंशीच्या दशकापासून दुर्बिणीतून हा बंध बसवणं सुरू झालं. यातलं काहीही खाशाबांपर्यंत वेळेत पोचलं नाही.

पण मला सगळ्यात भावली ती शस्त्रक्रियेनंतरची गोष्ट. पूर्वी ऑपरेशन झालं की पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यात जखडून ठेवत. गुडघे आखडायचे, मांड्या वाळायच्या. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे डॉक्टर शेलबोर्न यांच्या लक्षात आलं की जे रोगी आपलं ऐकत नाहीत, गुपचूप पट्टा सोडून पाय सरळ करतात, चालायला लागतात, त्यांचे गुडघे आज्ञाधारक रोग्यांपेक्षा चांगले होताहेत. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनं त्यांना रागावून सोडून दिलं असतं. यांनी त्यांच्याकडून शिकून उपचारच बदलला आणि १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट अंमळ टोचते. वर्गातल्या किती न ऐकणाऱ्यांकडून आपण काही शिकलो?

फेब्रुवारीत मुलीचं ऑपरेशन झालं. घरातून सूर होता: चालता आलं म्हणजे पुष्कळ, आता खेळ बंद. त्यात पैशाची ओढाताण होती, लग्नाची काळजी होती आणि माझ्यावरचा न बोललेला राग होता. मी त्यांना अविनाश साबळेची गोष्ट सांगितली.

अविनाश मांडव्याचा. तालुका आष्टी, जिल्हा बीड, पण आष्टीकडची माणसं बाजाराला, दवाखान्याला नगरलाच येतात. २०२२ च्या सप्टेंबरापासून तर नगर-आष्टी रेल्वेही आहे. शाळेसाठी रोज पायपीट करणारा हा शेतकऱ्याचा मुलगा महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला, मग तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये उतरला. त्यात २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी असते. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. ११ जुलै २०२५ ला मोनॅकोमध्ये तो पाण्याच्या उडीपाशी पडला. तोच बंध तुटला, सोबत कुर्चाही. मुंबईत शस्त्रक्रिया झाली, सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. मुलीच्या अब्बांनी विचारलं, ‘इतका मोठा खेळाडू, त्याचंही हेच?’ हेच. तोच बंध, तेच व्यायाम.

त्यांना विनेश फोगटही सांगितली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईतच तिच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि वर्षाच्या आत तिनं पॅरिसला अजिंक्य समजल्या जाणाऱ्या युई सुसाकीला हरवलं. शंभर ग्रॅमचं पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. गुडघ्यानं मात्र साथ दिली होती.

आणि आमच्या श्रीरामपूरचा झहीर खान? त्याची दुखापत गुडघ्याची नव्हती, तरी परतणं काय असतं हे आमच्या पिढीनं त्याच्याकडूनच पाहिलं. संघाबाहेर गेल्यावर २००६ मध्ये तो वूस्टरशायरकडून काउंटी खेळायला गेला, धाव कमी केली, ७८ बळी घेऊन परतला. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी. त्याच जुलैत लॉर्ड्सवर १३.३ षटकांत १८ धावा देऊन दोन बळी घेतले आणि मांडीचा स्नायू धरून बाहेर गेला. मग घोट्याचं ऑपरेशन. डिसेंबरात मेलबर्नला पुन्हा चेंडू हातात.

घरचे तयार झाले ते माझ्या व्याख्यानानं नाही. एका संध्याकाळी चाचा त्यांच्याकडे गेले, खुर्ची मागितली, आणि म्हणाले, ‘मेरा घुटना देखो, फिर फैसला करो.’

आता सातवा महिना सुरू आहे. मुलगी दहावीत गेली. रमजानमध्ये ती खुर्चीवर होती. बकरी ईदच्या सुमाराला सजद्यात जाऊ लागली, तेव्हा तिची अम्मी रडली. आता पळते, उड्या मारते. आणि तालुक्याची स्पर्धा दोन आठवड्यांवर आहे. शालेय गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. नाव पाठवा म्हणून ती रोज मागे लागते.

नॉर्वेतल्या खेळाडूंवरच्या एका अभ्यासात दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत मैदानात परतणं जितकं पुढे ढकलावं तितकं चांगलं. दर महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यानं घटतं. मुलींमध्ये हा बंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा आधीच जास्त. फिजिओथेरपिस्टनं एक सोपी कसोटी दिली आहे: एका पायावर लांब उडी. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी, आणि तीही एकटी पुरेशी नाही.

परवा शाळेच्या अंगणात चाचांनी खडूनं रेघ मारली, मी टेप धरली. चांगला पाय ११८ सेंटिमीटर. दुखरा १०१. मी तिथंच हिशेब करून दाखवला. १०६ तरी हवेत, आणि नऊ महिने झालेले हवेत. यादीत तुझं नाव नाही.

ती काही बोलली नाही. रेघेवर जाऊन पुन्हा एका पायावर उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, टेप धरा.’