डोंगरउतार की पायवाट : फुल सस्पेन्शन सायकल निवडताना

केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पोनमुडी या थंड हवेच्या ठिकाणी ऑक्टोबर २०२३ मध्ये आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली. क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल अशा दोन्ही शर्यती त्याच डोंगरावर घेण्यात आल्या. जाड टायर, रुंद हँडल आणि डिस्क ब्रेक पाहून दोन्ही शर्यतींतील सायकली एकाच जातीच्या वाटाव्यात. प्रत्यक्षात एका शर्यतीची सायकल दुसऱ्या शर्यतीत जवळजवळ निरुपयोगी ठरते. हौशी सायकलस्वाराची फसगत नेमकी येथेच होते. पुढे आणि मागे सस्पेन्शन आहे एवढे पाहून तो सायकल घेतो. नंतर ती चढावर ओढवत नाही, किंवा उतारावर सावरत नाही.

पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, आणि मागच्या चाकामागे अशा दोन्ही ठिकाणी धक्के शोषण्याची व्यवस्था असलेल्या सायकलीला फुल सस्पेन्शन म्हणतात. मागचा सांगाडा मुख्य चौकटीला बिजागरीसारख्या सांध्यांनी जोडलेला असतो आणि मध्ये शॉक बसवलेला असतो. चाक जास्तीत जास्त जितके वर उचलले जाऊ शकते, त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. जाहिरातींत सर्वांत ठळक छापलेला आकडा हाच असतो.

क्रॉस-कंट्रीच्या सायकलींना १०० ते १२० मिमी ट्रॅव्हल असते. ट्रेल सायकल, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या पायवाटांवर दिवसभर चालवायची सायकल, साधारण १२० ते १५० मिमीची असते. त्यापुढे १५० ते १८० मिमीच्या एंड्युरो सायकली येतात. एंड्युरो शर्यतीत वेळ केवळ उतारांची मोजतात, पण चढ स्वतःच्या पायांवरच पार करावे लागतात. त्यामुळे या सायकली दोन्ही बाजूंना तडजोड करतात. निव्वळ डाउनहिलची सायकल सुमारे २०० मिमी ट्रॅव्हलची असते. तिचा फोर्क हँडलच्या माथ्यावर आणि त्याखाली अशा दोन ठिकाणी पट्ट्यांनी जखडलेला असतो, सीट कायमची खाली बसवलेली असते आणि मागे बहुधा सातच गिअर असतात. वजन १६ किलोच्या आसपास किंवा अधिक भरते.

चढाचा प्रश्न

डाउनहिल हा प्रकार ज्या देशांत वाढला, तेथे सायकल वर नेण्याची सोय आधीपासून होती. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यम येथील विश्वचषकाचा मार्ग पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा असून त्यात साडेपाचशे मीटरहून अधिक उतार आहे. स्वार आणि सायकल दोघेही केबल कारने वर जातात. कॅनडातील व्हिसलर येथे बर्फावरील खेळांसाठी उभारलेले पाळणे उन्हाळ्यात सायकली वाहतात. आपल्याकडे अशी सोय अपवादानेच मिळते. घाटरस्त्याने पिकअप किंवा जीपमधून सायकली वर न्यायच्या, नाहीतर स्वतः चढवायच्या, हेच दोन पर्याय उरतात.

म्हणून खरेदीदाराने स्वतःला विचारण्याचा पहिला प्रश्न ट्रॅव्हलचा नाही, तर वर कसे जायचे याचा आहे. दर रविवारी वाहनाची आणि चालकाची खात्रीशीर सोय असेल, उतार मोठ्या खडकांचा आणि उड्यांचा असेल आणि शर्यतीत उतरण्याचा विचार असेल, तरच डाउनहिल सायकल घ्यावी. बाकी सर्वांसाठी, म्हणजे बहुतेकांसाठी, १३० ते १५० मिमीची ट्रेल सायकल हेच योग्य उत्तर आहे. सह्याद्रीतील घसारा, मुरमाच्या पायवाटा आणि जांभ्याचे सडे, किंवा हिमाचलमधील देवदारांच्या रानातून उतरणाऱ्या जुन्या वाटा, यांपैकी फार थोड्या जागी २०० मिमी ट्रॅव्हल खर्ची पडते. उलट सपाट वाटेवर हे जादा ट्रॅव्हल अंगावर येते. सायकल मऊ, संथ आणि वळणाला जड वाटू लागते.

सायकल किती मार सोसू शकते, याचे उत्तर तिच्या माहितीपुस्तिकेत सापडते. अमेरिकी एएसटीएम एफ २०४३ या मानकाने सायकलींचे वापरानुसार वर्ग पाडले आहेत. तिसऱ्या वर्गातील सायकल ६१ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या उड्यांसाठी, चौथ्या वर्गातील १२२ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीसाठी आणि पाचव्या वर्गातील त्यापलीकडच्या वापरासाठी समजली जाते. अनेक उत्पादक हा वर्गक्रमांक चौकटीवरील चिठ्ठीवरही छापतात. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा या चिठ्ठीवर अधिक विसंबावे, कारण वर्गाबाहेरच्या वापराने चौकट तुटल्यास हमी लागू होत नाही.

भारतीय बाजारात दहा-पंधरा हजार रुपयांत ‘डबल सस्पेन्शन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींचा येथे स्वतंत्र उल्लेख करावा लागतो. त्यांच्या मागच्या बाजूस बहुधा एक उघडी स्प्रिंग असते, एवढेच. खऱ्या शॉकमध्ये स्प्रिंगइतकेच महत्त्वाचे काम डॅम्पिंगचे असते : बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि धक्क्याची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. डॅम्पिंग नसलेली स्प्रिंग धक्का पोटात घेते आणि लगेच परत करते. उताराच्या वेगात हा परतीचा धक्का स्वाराला हँडलवरून पुढे फेकू शकतो. अशी सायकल गल्लीत चालवण्यास हरकत नाही. डोंगरावर ती धोकादायक आहे. दर्जेदार फुल सस्पेन्शन सायकल लाखाच्या पुढेच मिळते. तेवढी ऐपत किंवा इच्छा नसेल, तर पुढे चांगला फोर्क आणि मागे काहीच नसलेली हार्डटेल सायकल, चांगल्या ब्रेकसह, त्याच पैशांत कितीतरी सुरक्षित पडते. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

स्वाराचे वजन आणि शॉक

सस्पेन्शन कोणत्या कंपनीचे, यावर खरेदीदार बराच वेळ खर्च करतात. ते आपल्या वजनाला जुळले आहे की नाही, हे मात्र क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः साधा शॉक योग्य जुळवणीने जे काम देतो, ते महागडा शॉक चुकीच्या जुळवणीत देत नाही.

मोजमाप सोपे आहे. स्वार पूर्ण पोशाखात, पाण्याच्या पिशवीसह सायकलवर स्थिर बसला की शॉक काहीसा दबतो. या दबण्यास सॅग म्हणतात. ट्रेल सायकलीच्या मागच्या शॉकसाठी २५ ते ३० टक्के आणि डाउनहिलसाठी ३० ते ३५ टक्के सॅग सामान्यतः योग्य मानला जातो. पुढच्या फोर्कला त्याहून थोडा कमी ठेवतात. समजा शॉकचा स्ट्रोक, म्हणजे त्याच्या दांड्याची पूर्ण हालचाल, ६० मिमी आहे. दांड्यावरील रबरी कडे वर सरकवून अलगद बसावे, तसेच अलगद उतरावे आणि कडे किती सरकले ते मोजावे. १५ ते १८ मिमी भरले तर जुळवणी ठीक. याच शॉकवर १५० मिमी ट्रॅव्हलची चौकट असेल, तर शॉक एक मिलिमीटर दबताना चाक सरासरी अडीच मिलिमीटर वर उचलले जाते; म्हणून शॉकवरील दोन-तीन मिलिमीटरांची चूकही चाकापाशी मोठी होते.

हवेच्या शॉकमध्ये हा हिशेब हातपंपाने पाच मिनिटांत सुधारता येतो. लोखंडी स्प्रिंगच्या, म्हणजे कॉइल शॉकमध्ये स्प्रिंगच बदलावी लागते. स्प्रिंगवर दोन आकडे छापलेले असतात. पहिला कडकपणाचा, म्हणजे ती एक इंच दाबण्यास लागणाऱ्या पौंडांचा, आणि दुसरा स्ट्रोकचा. परदेशातून आलेली जुनी सायकल ९० किलो वजनाच्या स्वाराने ४५० च्या स्प्रिंगवर चालवलेली असेल, तर ६० किलोच्या स्वाराला ढोबळमानाने ३०० ची स्प्रिंग लागेल. तो ४५० वरच बसला, तर ट्रॅव्हलचा बराच भाग वापरातच येणार नाही आणि मनगटे व कंबर भरून येतील. त्यामुळे हलक्या वजनाच्या स्वारांनी, विशेषतः मुलींनी आणि किशोरवयीनांनी, हवेचा शॉक घेणे अधिक सोयीचे. कॉइलचे फायदे खरे आहेत : लहान खडे तो अधिक तरलपणे शोषतो आणि लांब उतारावर तापला तरी त्याची वागणूक फारशी बदलत नाही. मात्र ते फायदे योग्य स्प्रिंग मिळाल्यावरचे.

मागच्या सांगाड्याच्या रचना अनेक आहेत : एका सांध्याची, चार दांड्यांची, दोन लहान दुव्यांवर तरंगणारी. प्रत्येक कंपनी आपली रचना श्रेष्ठ असल्याचे सांगते. खरेदीदाराने दोनच गोष्टी पाहाव्यात. चढावर बसून जोर लावल्यावर मागचा भाग कितपत डोलतो, आणि ब्रेक धरल्यावर सस्पेन्शन आखडते का. एका सांध्याच्या साध्या रचनेत बेअरिंग कमी असतात, म्हणून देखभालही स्वस्त पडते. सायकल दुकानापासून दूर राहणाऱ्यांनी हा मुद्दा हलका मानू नये.

माप, चाके आणि ब्रेक

सायकलचे माप पूर्वी सीटच्या नळीवरून ठरत असे. आता रीच पाहतात. पॅडलच्या आसावरून सरळ वर काढलेल्या रेषेपासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतचे हे आडवे अंतर असते. उतारावर स्वार उभाच असतो, त्यामुळे तेथे हेच माप खरे. पुढच्या फोर्कचा कोन जितका कलता, तितकी सायकल तीव्र उतारावर स्थिर राहते; ट्रेलसाठी ६४ ते ६६ अंश, डाउनहिलसाठी ६३ अंशांच्या आसपास. कलत्या कोनाची सायकल चढावरील अरुंद वळणात भटकते, हे गृहीत धरावे. ट्रेल सायकलीला बटणाने खाली-वर होणारी सीट, म्हणजे ड्रॉपर पोस्ट, हवीच. ती नसलेली सायकल स्वस्त वाटली, तरी तो खर्च पुढे करावाच लागतो.

चाकांच्या २९ आणि २७.५ इंच या मापांवरून वाद घालण्यात अर्थ उरलेला नाही. मोठे चाक खडकांवरून सहज जाते, लहान चाक चटकन वळते. पुढे मोठे आणि मागे लहान ही जोडणीही २०१९ पासून जागतिक शर्यतींत मान्य आहे. बुटक्या स्वाराला तीव्र उतारावर मागचे २९ इंची चाक बैठकीला घासते, तेव्हा लहान चाक उपयोगी पडते. टायर २.३ ते २.५ इंच रुंदीचे आणि ट्यूबलेस असावेत. दाब साधारण २० ते २८ पीएसआयच्या दरम्यान, वजनानुसार. पंक्चरवाल्याकडे ४० पर्यंत हवा भरून आणली, की उत्तम सस्पेन्शनवरही सायकल चेंडूसारखी उसळते.

ब्रेकचे महत्त्व या खेळाच्या उगमाइतके जुने आहे. १९७६ पासून कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात जुन्या सायकलींवर ज्या उतारशर्यती होत, त्या रस्त्याचे नाव ‘रिपॅक’ पडले. एका उतारातच मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आसातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. आज डिस्क ब्रेक आहेत, तरी उष्णता तीच आहे. हिमालयातील दीर्घ उतारांसाठी चार पिस्टनचे हायड्रॉलिक ब्रेक आणि पुढे २०० मिमीच्या आसपासची डिस्क घ्यावी. ब्रेकमधील द्रव कोणता, हे खरेदीच्या वेळीच लिहून ठेवावे. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असते, तर स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरा घातल्यास आतील रबरी सील निकामी होतात. डॉट ५.१ मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानातही मिळतो. डॉट ५ मात्र सिलिकॉनचा असून तो येथे चालत नाही.

देखभालीचा खर्च

फुल सस्पेन्शन सायकल घेणे म्हणजे देखभालीचा नियमित खर्च स्वीकारणे. रॉकशॉक्स ही कंपनी आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्यांतील तेल दर ५० तासांच्या वापरानंतर बदलण्यास सांगते. आठवड्याला चार तास सायकल चालवणाऱ्यासाठी ही मुदत तीन महिन्यांतच भरते. कोकणातील किंवा मलबारातील पावसाळ्यात लाल चिखल सांध्यांच्या बेअरिंगमध्ये शिरतो; तो जोरदार फवाऱ्याने धुण्याचा मोह टाळावा, कारण पाणी चिखलासकट आणखी आत जाते. बादली आणि ब्रश पुरेसे.

जुनी सायकल घेताना सीट धरून मागचा भाग हलकेच वर उचलावा. चाक जमीन सोडण्याआधी टकटक जाणवली, तर बेअरिंग किंवा शॉकचे बुशिंग झिजले आहे. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवावे. नख अडकेल असा ओरखडा तेलगळती करतो, आणि नळ्या बदलण्याचा खर्च अनेकदा सौदा निरर्थक करतो. सांध्यांभोवतीचा आणि जोडकामाजवळचा रंग केसाएवढ्या रेषेत फुटलेला दिसला, तर किंमत कितीही कमी असली तरी घेऊ नये. मागच्या गिअरची यंत्रणा ज्या छोट्या पट्टीवर टांगलेली असते, ती हँगर पट्टी जुन्या चौकटींत प्रत्येकीची वेगळी असते आणि पडझडीत तीच प्रथम वाकते. २०१९ मध्ये स्रॅमने आणलेली सर्वसमान पट्टी आता अनेक चौकटींना बसते. आपली चौकट त्यांपैकी नसेल, तर सायकलबरोबरच दोन जादा पट्ट्या मागवून घ्याव्यात. त्या परदेशातून येईपर्यंत हंगाम निघून जातो.

एकूण रकमेतून शिरस्त्राणाचे आणि गुडघ्यांच्या कवचाचे पैसे आधी बाजूला काढावेत, उरलेल्यात सायकल पाहावी. डाउनहिलसाठी हनुवटी झाकणारे, एएसटीएम एफ १९५२ मानकाचा उल्लेख असलेले शिरस्त्राण घ्यावे. हा उल्लेख आतील अस्तराखालच्या चिठ्ठीवर सापडतो.