शंका विचारणारी शिष्या

शाळामास्तराच्या तोंडी एक प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो : "समजलं का?" सारा वर्ग माना डोलावतो. क्वचित मागच्या बाकावरचा एखादा मुलगा उभा राहून म्हणतो, "नाही समजलं, गुरुजी." मला तो खरा शिष्य वाटतो. मात्र त्याच्यापुढे परीक्षा असते ती गुरुजींची! पंडिता रमाबाईंच्या चरित्रात असे एक प्रकरण आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी त्या संस्कृत शिकल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने आईवडील गेले. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पतीही. पदरी तान्ही मनोरमा. तिला घेऊन १८८३ साली त्या वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्याने ते शिक्षण राहून गेले. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. नीलकंठशास्त्री, म्हणजेच फादर नेहेम्या गोरे, यांच्या विवेचनाचा त्यांच्या मनावर मोठा प्रभाव होता. काशीत वाढलेले हे शास्त्री १८४८ साली ख्रिस्ती झाले होते.

येथवरची कथा बहुतेकांना ठाऊक असते. खरी कथा पुढेच आहे. धर्म स्वीकारला, पण बुद्धी गहाण टाकली नव्हती. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे? ख्रिस्ताचा जन्म कुमारीच्या पोटी झाला, हे मानलेच पाहिजे काय? रमाबाई विचारीत राहिल्या. त्यांच्या गुरुस्थानी होत्या सिस्टर जेराल्डीन. रमाबाई त्यांना प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण शंका मात्र सोडीत नसत. एका गळ्यातल्या क्रुसावरील लॅटिन शब्दांवरूनही वाद झाला. लॅटिन ना मला येते, ना माझ्या देशभगिनींना. मग तेथे संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. मायदेशी पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले, ते दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, हेही त्यांनी स्पष्ट कळवले.

आजीबाईंना हा अहंकार वाटला. त्यांना दोष तरी कसा द्यावा? लेकराची वाट चुकेल, ही माउलीची भीती होती. पण चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी वेगळे पाहिले. तेथे रमाबाई संस्कृत शिकवीत आणि स्वतः शिकत. बीलबाईंचे म्हणणे असे, की या विदुषीच्या विवेकाला पटल्यावाचून शिकवण तिची होणार नाही. तेव्हा तिला विचार करू द्यावा.

उत्तर चटकन मिळाले नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले, कामाचा डोंगर उभा राहिला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना उमगले, की आपण ख्रिस्ती धर्म मिळवला, पण ख्रिस्त मिळवायचा राहूनच गेला होता. हे त्यांनी स्वतःच पुढे १९०७ साली लिहून ठेवले. आठ वर्षांची चूक जगापुढे मांडायला किती धीर लागत असेल!

या धडपडीचे फळ केडगावला पाहावे. आमच्या मुलुंडवरून जाणारा लोहमार्गच कल्याण, पुणे करीत तेथे पोहोचतो. तेथील मुक्ती सदनात रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून बायबल मराठीत आणले, आणि तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. सदनातल्या स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

जिला एके काळी समजले नव्हते, तिनेच इतरांना समजावे म्हणून आयुष्याची अखेरची वर्षे वेचली. धर्म कोणताही असो, वाचकहो, शंका विचारणाऱ्या शिष्याला खाली बसवू नये. उद्या तोच कदाचित साऱ्या वर्गाला धडा समजावून सांगेल.