आयआरक्यू ७ : न मारलेली हाक

आज एका बदनाम आकड्याची गोष्ट.

१२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएमचा पीसी आला. त्यात इंटेलची ८२५९ए ही चिप होती. कीबोर्ड असो की मोडेम, प्रोसेसरचं लक्ष हवं असेल त्याने आपली तार वर करायची. मग ही चिप प्रोसेसरला सांगणार, अमुक नंबर बोलावतोय. नंबर आठच, ० ते ७. पहिल्या सिरियल पोर्टला ४, दुसऱ्याला ३, प्रिंटरला ७.

आता गंमत बघा. तार वर गेली, पण प्रोसेसरने ‘कोण?’ विचारेपर्यंत खाली आली, तर? चिपला उत्तर द्यावंच लागतं. ती ७ सांगते! प्रिंटर जोडलेलाही नसतो, आणि फ्रीबीएसडी कुरकुरते : ‘स्ट्रे आयआरक्यू ७’. खरा हाक मारणारा वेगळाच असतो.

बरेचदा संशय सिरियल पोर्टवर जातो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. त्याच्या ८२५० चिपची ‘आउट२’ ही पिन आयबीएमने इंटरप्टच्या तारेवरचं फाटक म्हणून वापरली. फाटक बंद असताना कार्ड तार सोडून देतं, ती अधांतरी राहते. पोर्ट उघडता-मिटताना तिच्यावर खोटी हाक उमटू शकते.

तिसऱ्या पोर्टला तर वेगळी तार दिलीच नाही. त्याने पहिल्याचीच ४ वापरायची. आयसा बसवर मोजली जाते ती फक्त तार वर जाण्याची घडी. एकाने ती वर धरून ठेवली की दुसऱ्याची हाक ऐकूच येत नाही. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या काळात कॉम१ वर माउस आणि कॉम३ वर मोडेम अशी जोडणी असली, तर फोन लागताच माउस गोठायचा. ९६०० च्या वेगाला दर मिलिसेकंदाला साधारण एक अक्षर येतं, आणि ८२५० कडे जागा एकाच अक्षराची. हाक हुकली की अक्षर गेलं. पुढे १६५५० ने सोळा अक्षरांची रांग दिली, तेव्हा जरा श्वास मिळाला.

खोटी हाक ओळखायची कशी? ८२५९ए चं इन-सर्व्हिस रजिस्टर वाचायचं. सातचा बिट शून्य असेल, तर हाक खोटी; मग ‘काम झालं’ हा निरोप चिपला पाठवायचा नाही, नाहीतर ती अर्धवट राहिलेलं दुसरंच काम संपलं असं धरते. १९८४ च्या एटीमध्ये दुसरी चिप आली, तिची खोटी हाक १५ नंबरवर येते. तिथे निरोप फक्त पहिल्या चिपला द्यायचा, कारण तिच्यापुरती हाक खरी होती.

संदेश क्वचित दिसला तर सोडून द्या. सतत येत असेल, तर न वापरलेले पोर्ट बायोसमधून बंद करा आणि माउस, मोडेम वेगळ्या तारांवर न्या. प्रिंटरचं कार्ड मात्र जागच्या जागी राहू द्या.