कारलं पिळू नये

पुण्यात कारल्याच्या भाजीला मिळणारी सर्वांत मोठी दाद ठरलेली आहे : "अजिबात कडू नाही लागत हं!" ती मिळवण्याची रीतही ठरलेली. कारली खरवडायची, बिया काढायच्या, चकत्यांना मीठ चोळून तासभर झाकून ठेवायचं आणि मग दोन्ही तळव्यांत धरून हिरवं पाणी निघेपर्यंत पिळायचं. काही घरांत त्यावर पुन्हा एकदा धुणंही होतं. पाण्यावाटे कडूपणा गेला आणि हातात निखळ भाजी उरली, अशी यामागची समजूत. निदान चिंचगुळाच्या रसभाजीपुरती तरी ही समजूत चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. तिने भाजीचं नुकसान होतं, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा ते कामही फारसं साधत नाही.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाही. मिठाने चकत्यांना पाणी सुटतं हे डोळ्यांना दिसतं. त्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवला तर तो कडू लागतो, म्हणजे कडूपणाचा काही भाग उतरतो हेही खरं. कारल्याचा कडूपणा मुख्यतः मोमोर्डिकोसाइड या गटातल्या द्रव्यांमुळे असतो. त्यांच्या रेणूंना शर्करेची जोड असते, त्यामुळे ती थोडीफार पाण्यात उतरतात. शिवाय ही रीत आज्या-पणज्यांपासून चालत आलेली. पिढ्यान् पिढ्या बायकांनी जे हाताने केलं आणि जिभेने पारखलं, ते उगीच असेल का, हा प्रश्न मला वजनदार वाटतो, आणि त्याचं उत्तर देणं भाग आहे.

उत्तराची सुरुवात अशी की, पिळून उतरतो तो भागच. कितीही पिळलं तरी कारलं कडूच राहतं, आणि पिळणाऱ्या घरांनाही हे माहीत असतं; नाहीतर पिळल्यावर त्यात पुन्हा चिंच आणि गूळ का पडले असते? पाण्याबरोबर जातं ते मात्र बरंच असतं. सी जीवनसत्त्व आणि पोटॅशियम दोन्ही पाण्यात विरघळणारी, तीही मोरीत जातात. कोवळ्या कारल्याचा हिरवा ताजा वास जातो. चकतीचा रसरशीतपणा जातो, आणि मग ती आमटीसारख्या रसात कितीही वेळ उकळली तरी चामट लागते. रसभाजीत चकतीने चिंचगुळाचा रस पिऊन फुगायला हवं आणि आपला रस बाहेर द्यायला हवा. पिळून काढलेल्या चकतीजवळ द्यायला काही उरलेलं नसतं.

आता मिठाचं. १९९७ साली 'नेचर'मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या दोन संशोधकांचा एक छोटा निबंध आला होता. त्यांनी कडू युरिया आणि साखर एकत्र करून लोकांना चाखायला दिली, आणि नंतर त्याच मिश्रणात सोडियमचा एक क्षार घातला. कडू चव उतरली हे एक. दुसरं म्हणजे साखर तेवढीच असताना गोडी वाढलेली जाणवली. साखर आणि कडू एकमेकांना दाबून धरतात. मिठातलं सोडियम त्यातल्या कडूला मागे सारतं आणि दबलेली गोडी मोकळी होते. आपल्या भाजीसाठी याचा अर्थ सरळ आहे. मीठ कडूपणा कमी करतं ते तोंडात, जिभेवर, कडू द्रव्याच्या सोबत असताना. म्हणजे ते भाजीत असायला हवं. चकत्यांना चोळून, पिळून, धुऊन टाकलेलं मीठ हे काम करू शकत नाही.

आज्या-पणज्यांच्या अनुभवाचा उलगडाही इथेच होतो. त्या पिळत, पण पिळलेल्या चकत्यांत मुरलेलं बरंच मीठ राहून जाई. ते पुढे कढईत गुळाच्या जोडीला जाई आणि भाजी सुसह्य होई. त्यांच्या जिभेची पारख खोटी नव्हती. कारण शोधताना मात्र नजर सुटलेल्या पाण्याकडे गेली आणि आत राहिलेल्या मिठाकडे गेली नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी एकाच वेळी दोन लहान पातेल्यांत भाजी टाकावी, एकीत पिळून धुतलेली कारली, दुसरीत न पिळलेली. चिंच, गूळ आणि शेवटचं मीठ दोन्हींत सारखं असू द्यावं. कडूपणातला फरक थोडा वाटेल. चकतीच्या पोतातला आणि रसाच्या चवीतला फरक पहिल्याच घासाला कळेल.

कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण या वादात हटकून पुढे केली जाते. माणसाच्या स्वभावाबद्दल ती काय म्हणते ते म्हणो, पाककृती म्हणून ती तपासण्यासारखी आहे. तिच्यात फक्त तूप आणि साखर आहे. मीठ नाही, आंबट नाही. नुसत्या स्निग्ध आणि गोडाने कारलं वळत नाही हे म्हणीने अचूक टिपलं आहे. पण पुणेरी स्वयंपाकघर तिथे थांबलेलंच नाही. त्याने चिंच आणली, मीठ आणलं, तीळ, दाण्याचं कूट आणि गोडा मसाला आणला. म्हणीतलं कारलं हरतं, म्हणून कढईतलंही हरलं असं होत नाही.

या कढईत काय घडतं ते सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मंडनाचा सगळा आधार तिथे आहे. मंडईत कारली घेताना कोवळी, टणक आणि हिरवी बघावीत; पिवळेपणाकडे झुकलेलं फळ भाजीला घेऊ नये. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या हिरकणी आणि फुले ग्रीन गोल्ड या गर्द हिरव्या जाती किंवा दापोलीची कोकण तारा, यांतलं काहीही चालेल. पाठीवरचे कंगोरे हलक्या हाताने खरवडावेत, सालीचा हिरवा थर राहू द्यावा. कोवळ्या बिया तशाच ठेवल्या तर दाताखाली छान येतात, कडक झाल्या असतील तर काढाव्यात. पाव किलो कारल्यांना तीन मोठे चमचे तेल लागतं, आणि इथे हात आखडू नये. तेलाने कडू चव बोथट होते. मोहरी, हिंग, हळदीची फोडणी करून चकत्या आणि सगळं मीठ एकदमच घालावं, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर मऊ होऊ द्याव्यात.

चिंचेचा कोळ घालायचा तो चकत्या पुऱ्या मऊ झाल्यावरच. आंबटात भाजीच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून चिंच आधी पडली तर कारलं कितीही वेळ शिजवा, कचकचीतच राहतं. पुष्कळ घरांत "कारलं शिजतच नाही" म्हणून पिळण्याकडे वळतात, आणि दोष चिंचेच्या वेळेचा असतो. कोळानंतर लिंबाएवढा गूळ, गोडा मसाला, भाजलेल्या तिळाचं आणि दाण्याचं कूट, सुकं खोबरं, आणि रस दाटेपर्यंत मंद आच. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाला स्वतःचा मातकट, किंचित कडसर गंध असतो. तो कारल्याला लपवत नाही, त्याला सोबत देतो. मला हा या भाजीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. ती रात्रभर मुरली की आणखी चांगली लागते.

मुलं खात नाहीत, हा आक्षेप उरतो. तो खरा आहे आणि त्याला शरीराचा आधारही आहे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राही आहेत आणि ते सगळ्यांचे सारखे नसतात. १९३१ मध्येच आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं की एकच पदार्थ काहींना जहाल कडू लागतो आणि काहींना बेचव. अशा मुलासाठी गूळ वाढवावा, कूट वाढवावं, चकती पातळ कापावी. सगळ्या घराची भाजी निःसत्त्व करण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप सावधपणाचा आहे : भोपळ्याच्या कुळात कडू म्हणजे विष. दुधीच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही त्याबद्दल इशारा दिला आहे. दुधी चिरताना तुकडा चाखण्याची घरगुती सवय म्हणूनच मोलाची. पण दुधीत कडूपणा हा बिघाड असतो, कारल्यात तो फळाचा स्वभाव असतो. एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला सकाळी बागांबाहेर उभं राहून कारल्याचा रस पिणारे आहेत. त्यांना कडूपणाच हवा असतो, औषध म्हणून. मधुमेहावर कारल्याचा उपयोग होतो असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याने काढला होता. भाजीला चोथा करणारे आणि रसाला औषध करणारे, दोघांनीही कारल्याला जेवणातून उठवलं आहे. एकाने त्याची चव काढली, दुसऱ्याने त्याचं अन्नपण.

आपल्या जेवणात कडूला हक्काची जागा होती. सुश्रुताने आधी गोड, मग आंबट-खारट आणि शेवटी बाकीचे रस, असा क्रम सांगितला आहे. बंगालात याउलट शुक्तोच्या कडू घासाने जेवण सुरू होतं. पुण्यात पाडव्याला कडुनिंब गुळाशी आणि चिंचेशी वाटला जातो, श्राद्धाच्या पानात कारलं वाढतात, आणि काही घरांत कारल्याचं पंचामृत पानाच्या डाव्या बाजूला असतं. या सगळ्या ठिकाणी कडू कडूच राहतं. त्याला गूळ, चिंच, मीठ भेटतं एवढंच.

पिळणं सर्वस्वी त्याज्य आहे असं मी म्हणत नाही. कुरकुरीत काप करायचे असतील तर ते करावंच, कारण ओल्या चकत्या तेलात तळल्या जाण्याऐवजी शिजत बसतात. मात्र चकत्या त्यानंतर धुऊ नयेत. निघालेलं पाणी थालीपिठाची भाजणी भिजवायला घ्यावं, आणि त्यात मीठ आधीच आहे हे लक्षात ठेवून वरून वेगळं मीठ घालू नये.